एका कातरीचा खुरीस

डिचोलीत कागदाची मखरं करणारे आता दोघंच उरलोय, मी आणि माझा हट्ट. बाकीचे थर्मोकोलवर गेले. त्यामुळे मांद्र्याच्या फिलूबायने तिथल्या दगडी खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, फेस्तासाठी, सणासाठी, कागदी खुरीस मागितले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

"एकाच कातरीत होवक होयो हां, बाबली. म्हज्या आज्याक पाद्रीन शिकयलेलें. मागीर बापूय करी, मागीर घोव. घोव गेलो. तुका जमलें ना तर पोरां प्लास्टिकाचे बावटे लायतलीं."

तिने दाखवलं. कागद दुमडायचा, परत दुमडायचा, शेवटी उभा मधोमध, आणि कर्रकन एक काप. उघडला की खुरीस.

फेस्ताच्या सकाळी पहिला कापला. उघडला. डावा हात आखूड.

आता, मधोमध घडी म्हणजे दोन्ही हात एकावर एक. कात्री दोघांना एकदमच कापते. एकच आखूड होणार कसा?

कागद बदलला. वर्तमानपत्र घेतलं, त्यात मंत्र्यांच्या फोटोचाही डावा हात गेला. कात्री बदलायला उठलो तर बायको, वर्षा, कडाडली, "माझ्या शिवणाच्या कात्रीक हात लावलात तर तुमचोय जायत!"

वैतागून चपाती दुमडली, एक चावा घेतला, उघडली. तेच. वर्षा हसली. मग हसायची थांबली.

दुपारी पिशवीभर थोटे खुरीस घेऊन, शिव्या खायच्या तयारीने मी स्कूटरवरून मांद्र्याला गेलो.

खुरसापाशी गर्दी होती. कुणा पर्यटकाने भाड्याची गाडी मागे घेताना दोनेक तासांपूर्वी धडक दिली होती. खुरसाचा डावा हात खाली पडला होता.

लोकांना वाटलं, बातमी ऐकून मी मुद्दाम तसे करून आणले. वाहवा झाली. पुढच्या वर्षाचं कामही मिळालं. फिलूबाय तेवढी जवळ आली.

"सकाळीच कापिल्ले मरे हे?"

मी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहणं सोडलं.

आज सकाळी आमची गौरवी म्हणाली, "बाबा, हात धरलेली बाहुल्यांची माळ कर. आमी पाच जणां."

माझे आई-बाबा, वर्षा, गौरवी, मी. पाच पदर, एक काप.

चार निघाल्या. शेवटच्या बाहुलीचा हात पुढे, धरायला कोणी नाही.

परत कापली. चार.

मी हरणाऱ्यातला नाही. चौघांनाही समोर बसवलंय, दाराला कडी घातलीय. पाच निघेपर्यंत कोणी उंबरठा ओलांडायचा नाही.

आत्ताच एक माळ उघडली.

तीन.