माडीवरच्या बाईची निवड

लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून कार्यालयातलं ओळखपत्र नवं करून घ्यायचं, एवढंच काम होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सून खालच्या मजल्यावर गेली, पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसली, केस चापून नीट केले आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"बाई, इकडे तोंड करा," कार्डवाला म्हणाला.

"इकडेच आहे की."

तो कॉम्प्युटरमध्ये बघून बोलत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहिलं. "हललात तुम्ही. परत काढतो."

तीन वेळा काढला. तिसऱ्यांदा त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली आणि तो म्हणाला, "उद्या या. काहीतरी बिघाड आहे." उठता उठता सुनेने त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ओझरतं पाहिलं. पांढरा पडदा, तिचा निळा शर्ट, आणि पाठीवर मोकळे सोडलेले केस. मागून काढलेला फोटो.

सून केस कधी मोकळे सोडत नसे. त्या दिवशीही घट्ट अंबाडा होता.

घाबरायला आधी खात्री लागते, चिडायला लागत नाही. घरी येताना सून चिडलेलीच होती, आणि तो चिडका निखारा आजचा नव्हता, रविवारचा होता.

तिच्या नवऱ्याला एक वेड होतं. लग्नाआधी ते तिला गोड वाटलं होतं. लग्नाआधी बरंच काही गोड वाटतं. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची, 'माडीवरची' नावाची. सव्वीस भाग. टेकडीवरचा बंगला, त्याचा अबोल मालक, त्याची नवी कोवळी बायको, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली कारभारीण. आणि वर माडीवर कोंडलेली पहिली बायको. ती कायम खिडकीशी उभी, करडा झगा, मोकळे केस, पाठमोरी. सव्वीस भागांत ती एकदाही वळली नाही. भागाच्या शेवटी दारवानापासून घोडेवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं यायची, तिच्या भूमिकेपुढे नाव नसायचं.

या मालिकेची अकरा हजार चाहते मंडळी फोनवर एका ग्रुपमध्ये जमलेली होती. ती स्वतःला माडीकर म्हणवत आणि सुनेचा नवरा त्यांचा संचालक होता. मालिका नव्याने होणार अशी बातमी आली, आणि माडीकरांनी स्वप्नातली पात्रयोजना सुरू केली. रीत कडक होती. जुन्या मालिकेतलं दृश्य घ्यायचं, त्यात आपल्या मनातल्या माणसाचा चेहरा बसवायचा, उजेड जुळला पाहिजे, शिवण दिसता कामा नये. मग मतं. हजार मतं पडली की ती भूमिका बंद. आणि सगळ्यांत वरचा नियम असा, की ज्याला निवडलं त्याला विचारायचं नाही.

"विचारलं तर तो नाही म्हणेल ना," नवऱ्याने तिला समजावलं होतं, राज्यघटना समजावल्यासारखं. "मग ते स्वप्न कसलं?"

मालकासाठी एकोणीस नावं आली. कारभारणीवरून दोन जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. पण माडीवरच्या बाईसाठी कुणीच नाव देईना. चेहराच पाहिलेला नाही, तर बसवायचा कुणाचा? रविवारी सकाळी नवऱ्याने बसवला. लग्नातला बायकोचा फोटो, डावीकडून उजेड आलेला, नजर जरा खाली.

"अगं, गंमत बघ! दोन तासांत दोनशे मतं!"

"मला विचारलंस?"

"नियमच आहे तो."

"काढ."

"आता कसा काढू? संचालक आहे मी, लोक हसतील. आणि एकदा टाकला की फोटो काढता येत नाही, फार तर बदलता येतो, मतं तशीच राहतात. बघ तरी, किती सुंदर दिसतेस!"

तिने बघितलं. करड्या झग्यातली बाई तीस वर्षांनी वळली होती, आणि ती ही होती. खाली अनोळखी माणसं तिच्याबद्दल बोलत होती. नजर बरोबर आहे. नाक जरा कमी चाललं असतं. हिच्या चेहऱ्यावर बंद खोली दिसते. हे शेवटचं ज्याने लिहिलं होतं त्याने स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी मांजर लावलं होतं.

बुधवारपासून घरात सुरू झालं. सून नवऱ्याच्या समोर उभी राहून बोलत होती आणि तो म्हणाला, "तोंड फिरवून काय बोलतेस? अजून राग गेला नाही?" आंघोळ करून आरसा पुसला तर काचेत ओले केस होते, आणि नुसते केसच होते. हात चेहऱ्यावर नेला तर नाक, ओठ, डोळे जागच्या जागी. आरशातला हात मात्र केसांच्या पलीकडे कुठेतरी गेला आणि दिसेनासा झाला. खोलीला एक वास येऊ लागला. बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या कपाटाचा, ओलसर लाकडाचा. आणि रात्री, घर शांत असताना, केसांतून कंगवा ओढल्याचा आवाज यायचा... सावकाश... मुळापासून टोकापर्यंत. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा जन्म फोटो स्टुडिओत गेला होता. बारीक ब्रश आणि भिंग घेऊन, पुढे माऊसनेही, त्यांनी लोकांचे तीळ, सुरकुत्या आणि दुहेरी हनुवट्या पुसल्या होत्या. एकदा तर गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून अख्खा जावई पुसला होता. त्या कमी बोलत. गुरुवारी स्वयंपाकघरात त्या हातातलं काम ठेवून उठल्या, सुनेभोवती वळसा घालून समोर आल्या, तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि खिडकीकडे वळवली.

"आहेस," त्या म्हणाल्या. "डावा गाल पुसट झालाय. कपाळही जातंय."

"आई... तुम्हाला दिसतंय?"

"मला कडा दिसतात गं. आयुष्यभर तेच पाहिलं." त्यांनी अंगठ्याने तिचा गाल हलकेच चोळला, डाग निघतो का बघावं तसा. "किती झाली मतं?"

"सातशे."

त्याच संध्याकाळी सुनेच्या फोनवर एक निरोप आला. ग्रुपमधल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सभासद, ज्यांना सगळे कपडेवाल्या काकू म्हणत, त्यांचा. जुन्या मालिकेचे कपडे त्यांनी शिवले होते.

'पोरी, ती भूमिका कुणी केलीच नाही. ठरलेली नटी पहिल्या दिवशी आली नाही, म्हणून मी झगा खिडकीपाशी खुंटीला अडकवला आणि वर केसांचा टोप ठेवला. नंतर चित्रण बघितलं तर झगा चालत होता. कुणी काही बोललं नाही, काम पुढे रेटायचं होतं. ती जागा तेव्हापासून रिकामी आहे आणि झग्यातली बाई चिडलेली आहे, कारण तिला सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच तोंड दिलं नाही. आता तुझं दिलंय. हजार व्हायच्या आत काढून घे.'

सुनेने फोन नवऱ्यापुढे धरला. त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय भारी आहे हे! ग्रुपवर टाकू?"

"माझा चेहरा जातोय," ती म्हणाली. "कळतंय का तुला? जातोय."

"इकडे बघून बोल ना आधी," तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला.

तिने हात उचलला नाही, एवढंच. दात मात्र असे आवळले की रात्रभर जबडा दुखला. मतं देणाऱ्या परक्यांवर तिचा राग नव्हता, झग्यातल्या बाईवर तर अजिबात नव्हता. तिची चीड तिला समजत होती. उलट या घरात आपल्याला समजून घेईल अशी तीच एक असावी, असं वाटून सुनेच्या अंगावर काटा आला.

शनिवारी दुपारी जेवण करून नवरा आतल्या खोलीत आडवा झाला. बाहेरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं खातं उघडंच होतं. नऊशे एकसष्ट. सून खुर्चीवर बसली. काढता येत नाही, बदलता येतो. तिने त्याचाच एक फोटो शोधला, सहलीला काढलेला, छान हसरा. कापला, खिडकीतल्या बाईच्या मानेवर ठेवला, बटण दाबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर बरं वाटलं.

"काय केलंस हे?"

सासूबाई मागे उभ्या होत्या.

"त्याने केलं तेच."

"माझा मुलगा आहे तो."

"आणि मी?"

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. "तुझं चुकत नाही. त्याचंच चुकलंय, शंभरदा चुकलंय. पण त्याला झेपणार नाही गं हे. त्याला साधा ताप झेपत नाही."

"मला झेपतं हे कुणी ठरवलं, आई?"

सासूबाईंनी वाकून मुलाचा हसरा चेहरा जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "ऊठ. चहा टाक."

एवढ्यावर सुद्धा चहाच! सून पाय आपटत स्वयंपाकघरात गेली, भांडं शेगडीवर आदळलं, पाणी ओतलं. मोरीवरच्या खिडकीच्या काचेत काहीतरी हललं म्हणून तिने वर पाहिलं.

तिचा चेहरा होता. कपाळ, नाक, डावा गालसुद्धा. सगळा.

ती बघतच राहिली. बाहेरच्या खोलीतून माऊसची टकटक ऐकू येऊ लागली. घाईची नव्हे, सरावाची. एक... मग थांबून दुसरी... बारीक ब्रशने कडा मिटवत जावं तशी. पाण्याला बुडबुडे यायच्या आतच सुनेला कळलं, बाहेर काय चाललंय ते. धावत गेली असती तर पोचली असती. मधे पंधरा पावलं होती. पण काचेतला चेहरा इतक्या दिवसांनी परत आला होता आणि नजर काढली तर पुन्हा जाईल असं तिला वाटलं. पाणी उकळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मग आतून नवऱ्याची आरोळी आली. "हजार! भूमिका बंद!"

तो फोन घेऊन केस विस्कटलेले तसाच बाहेर आला. "पण आईचा फोटो कुणी लावला? अगं, काय झकास बसलाय! शिवण शोधून सापडत नाही." त्याने मान वर केली आणि सुनेकडे बघून खुशीत हसला. "आलीस का ताळ्यावर? चला, तोंड तरी दाखवलंस."

ती त्याच्या बाजूने पुढे गेली. सासूबाई टेबलापाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठमोऱ्या. पांढरे केस खांद्यांवरून मोकळे सुटलेले. ओलसर लाकडाचा वास होता.

"आई?"

"चहा झाला का गं?" आवाज त्यांचाच होता, फक्त मधे दार लोटलेलं असावं तसा. "साखर कमी घाल."

सून टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडेही पाठच होती. तेच केस, तीच मानेची खाच, ब्लाऊजचं तेच मागचं बटण. ती पुन्हा अलीकडे आली, पुन्हा गेली. नवरा फोनमधून डोळे न काढता म्हणाला, "काय घिरट्या घालतेस?"

"बघ," ती म्हणाली. तिचा आवाज इतका वाढला की शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. "एकदा तरी नीट बघ त्यांच्याकडे!"

"बघितलं की. पाठ करून बसलीय, रुसली असेल." आणि तो पुढचा निरोप वाचू लागला.

सुनेने चहा आणला. कप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून टेबलाच्या मधोमध ठेवला. दोन ओळखीचे हात पुढे आले, बोटांच्या टोकांना शाईचे जुने डाग असलेले, आणि कप उचलून केसांच्या आत घेऊन गेले. फुंकर मारल्याचा आवाज आला. मग घोट घेतल्याचा, आणि तो गिळल्याचा.

केस जराही हलले नाहीत.