पहिल्या राणीचं ताट

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये, मला ती एकदाची सांगून टाकायची आहे.

मागच्या वर्षीचा गणेशोत्सव. ऑगस्टचा शेवटचा रविवार, गौरी आवाहनाचा दिवस. सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये भाड्याने घेतलेला एक हॉल. दुपारचे चार.

हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत दीडशे माणसं बसली होती.

तरीही ती आली.

ती म्हणजे प्रणिता. पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायची. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून सगळं सोडून आली. तिचा नवरा संजीव आमच्याच कंपनीत, माझ्या साहेबांचाही साहेब. मरीन परेडला त्यांचा कॉन्डो, आणि नऊ वर्षांची मुलगी, गार्गी. मी कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकांचे इथे राहण्याचे पास काढणं, वाढवणं आणि रद्द करणं हे माझं काम.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आमच्या बायकांच्या ग्रुपसाठी प्रणिताने एक नाटक लिहिलं होतं. विषय ऐकून आम्ही आधी हसलोच. पाचशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा राजा, आठवा हेन्री, आणि त्याच्या सहा राण्या. दोघींशी फारकत, दोघींचं मुंडकं उडवलं, एक बाळंतपणात गेली, एक उरली.

"गणपतीत हे कुठे गं?" सुरेखा म्हणाली. सुरेखा म्हणजे आमच्या ग्रुपची अध्यक्ष.

"सगळे म्हणतात हेन्रीच्या सहा बायका," प्रणिता म्हणाली. "आपण म्हणायचं, सहा जणींचा मिळून एक नवरा. बघ, लगेच तो लहान वाटायला लागतो की नाही."

तिने त्यात आपली एक गोष्ट घातली होती. तांदळाचं ताट.

लग्नात नव्या नवरीचं नाव ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहितात ना, तेच. प्रत्येक राणी येणार, ताटात आपलं नाव लिहिणार. पुढची आली की तांदळावरून हात फिरवून आधीचं पुसणार. ताट प्रणिताच्याच लग्नातलं होतं, पितळेचं, काठाला एक पोचा आलेला.

"ह्यांच्याकडे माझं नाव राधिका लिहिलं होतं," तिने मला एकदा सांगितलं. "सगळे जेवायला वळले, मी ताट गदागदा हलवलं आणि बोटाने प्रणिता लिहिलं. सासूबाई अजून बोलत नाहीत नीट."

पहिली राणी, कॅथरिन, ती स्वतः करणार होती. कॅथरिनला राजाने वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतर राजवाड्यातून बाहेर काढलं. मुलीला भेटू दिलं नाही. आता स्वतःला राणी म्हणवून घेऊ नकोस, असा हुकूम सोडला. तिने ऐकलं नाही, मरेपर्यंत राणी म्हणूनच सही केली.

त्या प्रवेशाच्या शेवटी कॅथरिन पुसलेलं ताट हातात घेऊन लोकांसमोर येते आणि विचारते, "माझं नाव कुणी पुसलं?"

पुढचं वाक्य लगेच नाही घ्यायचं.

"इथे थांबायचं," प्रणिता सांगायची. "लोकांना लाज वाटेपर्यंत थांबायचं. मग म्हणायचं, कुणीच नाही? मग ते गेलं कुठे?"

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संजीवने मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रणिता कायमची पुण्याला जातेय. तिचा पास कॅन्सल करायचाय. गार्गीचा राहू दे, तिची शाळा आहे."

इथे बायकोचा पास नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. कंपनीने ऑनलाइन बटण दाबलं की संपलं, मग तीस दिवसांत देश सोडायचा. आमच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीला जागा होती, बायकोच्या सहीला नव्हतीच.

"तिला माहीत आहे ना, सर?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स."

ते खोटं होतं. आदल्याच शनिवारी प्रणिता माझ्याकडे जूनमधल्या तालमींच्या तारखा ठरवत बसली होती. मला तेव्हाच कळलं की ते खोटं आहे. तिला एक फोन करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पण पुढच्या महिन्यात माझा स्वतःचा पास वाढवायचा होता आणि त्यावर संजीवची शिफारस लागणार होती.

मी बटण दाबलं.

शनिवारी ती तालमीला आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हे कुणी केलं असेल गं? ऑफिसमध्ये कुणीतरी केलंच असणार ना? तू विचारशील?"

मी म्हटलं, "विचारते."

आजवर मी कुणालाही विचारलेलं नाही.

ती मार्चमध्ये गेली. जाताना ताट माझ्याकडे ठेवून गेली. गार्गी इथेच राहिली. पुण्याहून प्रणिता रोज फोन करायची आणि इथे रोज कुणीतरी सांगायचं, गार्गी अभ्यासाला बसलीय. जुलैत प्रणिता तिकडेच वारली. साधा ताप म्हणे, दोन दिवस अंगावर काढला. आमच्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. पाऊण तासाने कुणीतरी विचारलं, "मग पहिली राणी आता कोण करणार?"

पहिली राणी मी करायला लागले.

अजून आहे. संजीवने सुरेखाला निरोप पाठवला की कार्यक्रमपत्रिकेत प्रणिताचं नाव नको, घरच्या गोष्टींची चर्चा होते. पत्रिका मीच करत होते. 'लेखन : प्रणिता' पुसून मी 'लेखन : समूह' केलं. दोन मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर सुरू झालं.

ऑगस्टमधली दुसरी तालीम. मी तांदळावर कॅथरिन लिहिलं, ताट टेबलावर ठेवलं आणि ओढणी घ्यायला वळले.

मागे बारीक आवाज झाला... मूठभर तांदूळ हळूच सरकवल्यासारखा.

वळून पाहिलं. ताट सपाट होतं.

"एसीचा वारा असेल," सुचित्रा म्हणाली. ती दुसरी राणी करत होती.

वाऱ्याने तांदूळ उडतात. ते कुणी हाताने सारखे केल्यासारखे होत नाहीत. पण मी काही बोलले नाही. न बोलण्याची मला आता सवय झाली होती.

पुढच्या तालमीचं सुचित्राने फोनवर शूटिंग केलं. घरी येऊन मी नवऱ्याबरोबर, प्रबोधबरोबर, ते बघायला बसले. सगळ्यांचे आवाज स्वच्छ होते. खुर्ची सरकवल्याचासुद्धा.

माझे ओठ हलत होते... पण आवाज नव्हता.

माझ्या प्रत्येक वाक्याच्या जागी नुसती शांतता. सुचित्राने मला उत्तर दिलं की पुन्हा आवाज. मी बोलले की पुन्हा काही नाही.

"माइक बिघडलाय तिचा," प्रबोध म्हणाला आणि चहा ठेवायला गेला. मी त्याला खरं कारण सांगू शकत नव्हते, कारण त्यासाठी फेब्रुवारीपासून सगळं सांगावं लागलं असतं.

मग तो रविवार.

इथल्या चिनी लोकांचा तो भुतांचा महिना होता. त्यांच्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांत या महिन्यात पहिली रांग रिकामी ठेवतात, 'त्यांच्या'साठी. हॉल बघणारे अंकल आम्हाला तेच सांगत होते.

"सेव्हन्थ मंथ आह. फर्स्ट रो डोन्ट सिट, लाह."

सुरेखाने हसून मान डोलावली. अंकल गेल्यावर पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर छापलेले कागद चिकटवले, 'मान्यवर'. आपल्याकडे मान्यवर मागे बसवले तर वर्षभर ऐकावं लागतं.

मान्यवरांत संजीवही होता. पिवळाधमक रेशमी कुडता घालून आला होता. मला एकदम प्रणिताने लिहिलेली ओळ आठवली. कॅथरिन मेल्याची बातमी आली तेव्हा राजाने पिवळे कपडे घातले होते, असं म्हणतात.

संजीवच्या शेजारी गार्गी होती. गार्गीच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. एक काकू तिथे बसायला आल्या, तेव्हा गार्गी काहीतरी म्हणाली आणि काकू मागे निघून गेल्या.

पडदा उघडला.

मी आले, ताटात नाव लिहिलं. सुचित्राने येऊन ते पुसलं. मी राजवाड्याबाहेर पडले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शेवटी ताट घेऊन मी पुढे आले आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

आवाज नाही.

पुन्हा प्रयत्न केला... घशातून हवासुद्धा येईना. हातातलं ताट थंड पडलं होतं, इतकं की बोटं दुखायला लागली.

आणि समोरून, पहिल्या रांगेतून, अगदी साध्या आवाजात कुणीतरी विचारलं...

"माझं नाव कुणी पुसलं?"

तिचा आवाज. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मला 'तू विचारशील?' म्हणणारा.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे काहीही नव्हतं. पण गार्गीने आपला हात त्या खुर्चीच्या हातावर ठेवला होता, आणि तिची बोटं मिटलेली होती. कुणाचातरी हात धरल्यासारखी.

आवाज सगळ्यांनी ऐकला होता. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. संजीवने मात्र मान खाली घातली आणि तो कुडत्याची बाही नीट करत बसला. ती वाट बघत होती. तिनेच शिकवलं होतं ना, लाज वाटेपर्यंत थांबायचं.

उत्तर मला माहीत होतं. एका अक्षराचं उत्तर. मी.

आणि त्या क्षणी माझा आवाज परत आला. मला जाणवलं ते, घसा मोकळा झाला. तिने मला जागा करून दिली होती. मुलगी समोर बसली होती. ते एक अक्षर बोलले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी नाटकातलं पुढचं वाक्य म्हटलं.

"कुणीच नाही? मग ते गेलं कुठे?"

खणखणीत आवाजात म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले.

ताटातले तांदूळ थरथरले आणि शांत झाले. ती गेली हे मला कळलं. रागावून गेली असती तर बरं वाटलं असतं.

नाटकानंतर सगळे त्या रेकॉर्डेड आवाजाचं कौतुक करत होते. "काय इफेक्ट होता!" सुरेखाला वाटलं, ती माझी कल्पना. मी तेही नाकारलं नाही.

मी आत साडीच्या पिना काढत होते. मागे गार्गी येऊन उभी राहिली.

"मावशी."

"काय गं बाळा?"

"आई आस्क यू सो नाइसली. व्हाय यू नेव्हर आन्सर?"

ओरडून नाही, रडूनही नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखी ती बघत होती. मी तिला म्हटलं, "बाबा शोधत असतील तुला, जा."

नऊ वर्षांच्या मुलीलासुद्धा मी हे उत्तर दिलं.

ती गेली. आरशात माझा चेहरा होता आणि मला तो बघवेना.

माझा पास मार्चमध्येच वाढला होता. अजून दीड वर्ष आहे. ताट मी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलंय, टाकवत नाही. कधीकधी भर दुपारी, घरात मी एकटी असताना, डब्यातून तांदूळ सरकल्याचा आवाज येतो... मी बघायला जात नाही.

आता शेवटचं. ज्या पेजवर हे टाकतेय त्याचा नियम आहे म्हणून गोष्टीतली सगळी नावं मी बदलली आहेत. संजीव, सुरेखा, गार्गी, सगळी.

तिचंही बदललं होतं. आधी निशिगंधा केलं. सेव्ह करून पुन्हा उघडलं, तर प्रणिता. मग अदिती केलं. पुन्हा प्रणिता. तिसऱ्यांदा घाबरून सुचेल ते टाकलं आणि लिहून झाल्यावर कळलं, मी राधिका लिहिलंय.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताट जोरात वाजलं. कुणीतरी गदागदा हलवल्यासारखं.

मी परत प्रणिता लिहिलं. आवाज थांबला.

तिचं नाव खरं आहे. या गोष्टीत तेवढं एकच नाव खरं आहे. माझं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तिच्याही लक्षात आलंय. स्वयंपाकघरात पुन्हा तांदूळ सरकतायत... हळू, एकेक अक्षर लिहिल्यासारखे. मी अजून बघायला गेलेले नाही.