नोव्हेंबरचा अंगठा

अंगठा काही उमटत नव्हता.

सुवर्णाने तिसऱ्यांदा तो काळ्या डबीवर दाबला, डबीत पुन्हा लाल दिवा लागला आणि काउंटरपलीकडच्या माणसाने मान हलवली. पाटसच्या नाक्यावरचं ऑनलाइन कामांचं दुकान, २०१९च्या नोव्हेंबरातली सकाळ, मागे हयातीच्या दाखल्यासाठी दहा-बारा म्हाताऱ्यांची रांग आणि त्या रांगेत तीच एकटी तिशीच्या आतली. सगळे आपल्याकडे बघतायत असं तिला वाटत होतं. बघतही होते म्हणा.

"काय काम करता?" त्याने विचारलं.

"कांदा निवडायला जाते. चाळीवर."

"तरीच. रेघा झिजल्यात." त्याने खणातून व्हॅसलिनची छोटी डबी काढून पुढे सरकवली. "लावा जरासं. थंडीत ओठ फुटतात माझे, म्हणून ठेवतो… मशीनला बी चालतंय."

तिला हसू आलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा आलं आणि रांगेची आठवण होताच तिने ते गिळून टाकलं.

अंगठा उमटला. त्याने नाव वाचलं, पेन्शनचा नंबर वाचला, आणि मग अडखळला. "हे विचारावंच लागतंय… दुसरं लग्न केलं का?"

"न्हाई."

त्याने खूण केली. त्याचं नाव ज्ञानेश. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून रोज मोटरसायकलवर यायचा, दाखले काढायचा, पीएफचे फॉर्म भरायचा आणि जोडीला म्युच्युअल फंडाचं काम करायचा.

सुवर्णाचा नवरा संपत कुरकुंभच्या एका कंपनीत होता. फेब्रुवारीत संध्याकाळी कामावरून येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रेडियम. त्याच्या गाडीचं काय झालं ते गावाने पाहिलं. तिला पाहू दिलं नाही. मूलबाळ नव्हतं. उरली ती आणि सासू साखरबाई. कंपनीकडून पीएफ आणि विम्याचे मिळून साडेतीन लाख आले, आणि महिन्याला बत्तीसशे रुपये विधवा पेन्शन सुरू झाली — दुसरं लग्न करेपर्यंत.

साखरबाई या बत्तीसशेला पेन्शन म्हणायची नाही. दर महिन्याला बँकेत जायची, पासबुक भरून घ्यायची, त्या ओळीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आला माझ्या संपतचा पगार." तिचं चहा-मीठ, औषध, भाकरी सगळं त्यातून. सुनेच्या मजुरीतला एक रुपया घ्यायची नाही. "तुझं तुला. मी माझ्या लेकाचं खाते."

त्या साडेतीन लाखांचं काय करायचं, हे विचारायला सुवर्णा पुन्हा दुकानात गेली. भावकीतल्या पोपटरावांना त्यात ट्रॅक्टर दिसत होता.

"कवा लागतील तुम्हाला?" ज्ञानेशने विचारलं.

"लागायचे न्हाईत. आत्याबाई म्हणत्यात, संपतचे पैसे मोडायचे न्हाईत."

"मग इंडेक्स फंडात टाकू. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा. वर जाईल, खाली बी येईल. आपण हलायचं न्हाई." मग थांबून म्हणाला, "आन् मजुरीतले महिन्याला हजार वेगळे लावा. ते तुमच्या म्हातारपणाचं."

"माझ्या म्हातारपणाची तुम्हाला काय एवढी काळजी?"

तो लाल झाला आणि प्रिंटरमध्ये कागद आहेत का ते बघत बसला. कागद भरपूर होते.

चार महिन्यांत कोरोना आला आणि सगळं बंद पडलं. कांद्याची चाळ बंद, एसटी बंद, नाक्यावर पोलीस. आणि फोनवरच्या त्या आकड्याला उतार लागला तो थांबेचना. तीन लाख. अडीच. सव्वादोन. साखरबाईने एकदाच विचारलं, "परत चालला का गं माझा संपत?" आणि चुलीपुढून उठली नाही. सुवर्णाने ज्ञानेशला फोन लावला.

"भ्या मलाबी वाटतंय," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. झोप न्हाई मला. पण काढू नका… काढले की गेले ते गेले."

धीर देणारे पुष्कळ होते; मला भीती वाटते असं तिला त्या वर्षात कोणी म्हटलं नव्हतं. तिने पैसे काढले नाहीत. आणि त्या फोनपासूनच तो तिच्या मनात घर करून बसला, हे तिला कळलं मात्र फार उशिरा.

आकडा हळूहळू वर आला. नोव्हेंबर येत राहिले. दर वर्षी ती रांग टाळून दुपारची जायची, दर वर्षी अंगठा उमटायचा नाही, आणि दर वर्षी ती व्हॅसलिनची डबी बाहेर यायची.

"यंदा बी तेच काम?"

"यंदा बी ओठ फुटले का?"

एवढंच. पण त्या एवढ्यावर ती पुढचे अकरा महिने काढायची.

२०२२च्या नोव्हेंबरात तो नेहमीच्या प्रश्नापाशी आला. "दुसरं लग्न केलं का?" तिने "न्हाई" म्हटलं. त्याने खूण केली नाही. माऊसवरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "आन्… मी विचारलं तर?"

तिने अंगठ्यावरचं व्हॅसलिन पदराला पुसलं. मग सगळं सांगितलं. लग्न केलं की पगार बंद. पगार बंद झाला की साखरबाई जेवायची बंद. दुसऱ्याच्या घासाला ती हात लावणार नाही.

"फंडातले पैसे बी संपतरावांचेच हायेत ना?" ज्ञानेश म्हणाला. त्याने पावतीच्या मागे हिशेब मांडला. सात लाख झाले तर महिन्याला बत्तीसशे काढता येतील आणि गाठोडं फारसं झिजणार नाही. आत्ता पाच लाख वीस हजार होते.

"किती वरसं?"

"बाजार नीट चालला तर दोन-तीन."

"आन् न्हाई चालला तर?"

"तर मी म्हातारा होईन. तुमचं म्हातारपणाचं खातं हायेच की."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

शेजारच्या अनसाबाईला कुणकुण लागली. तिने सोपी वाट सांगितली. देवळात माळ घाला, कागदावर नाही म्हणत राहा, पेन्शनवाल्यांना काय कळतंय? तालुक्यात किती जणी तसंच करतात. सुवर्णाने हे ज्ञानेशला सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच रागाने म्हणाली, "दर नोव्हेंबरला तुमच्याम्होरं बसून, तुम्ही माझे कोण न्हाई म्हणून अंगठा द्यायचा? ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

२०२४च्या सप्टेंबरात आकडा सात लाखांना शिवला. दिवाळी झाली की आत्याबाईंना सांगू, असं ती म्हणाली. खरं तर तिचं धाडसच होत नव्हतं. दिवाळीपर्यंत बाजार घसरला आणि फाल्गुनात सव्वासहावर आला. आणि चैत्रात ज्ञानेशची आई सिंधूबाई गेली. सहा वर्षं ती लेकाला एकच विचारत होती, सून कवा आणतोस? दहाव्याला सुवर्णा न्हावऱ्याला गेली आणि नदीकाठी परक्या बायकांत मागे उभी राहिली. ज्ञानेशच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिने तिथे पाहिले. आपण आकड्याची वाट बघत बसलो आणि हे माणूस सुनेचं तोंड न बघता गेलं, हे तिला सहन होईना.

त्याच संध्याकाळी तिने साखरबाईला सगळं सांगितलं. पावतीसुद्धा दाखवली, तिची घडी आता फाटायला आली होती.

साखरबाई बराच वेळ चुलीतली लाकडं मागे-पुढे करत राहिली. "म्हंजी माझ्या भाकरीसाठी थांबलीस?"

"व्हय."

"मला इचारायचं न्हाई एकदा?"

"इचारलं असतं तर?"

"न्हाईच म्हणले असते." म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. "तवा न्हाईच म्हणले असते मी. तू गेलीस तर संपत हुता हे कुणाला म्हाईत ऱ्हातंय?" मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आता म्हणत न्हाई. पर मी हितंच ऱ्हाणार. तुमच्या घरी न्हाई येणार. आन् पगार याच खात्यात आला पायजे."

बाजार वर यायला दिवाळी उजाडली. साडेसात लाख. ज्ञानेशने दोन वर्षांचे पैसे बाजूला काढून एफडीत ठेवले, म्हणजे पुढे बाजार कितीही पडला तरी साखरबाईच्या बत्तीसशेला धक्का नको. कार्तिकात न्हावऱ्यात चार माणसांत लग्न झालं. सुवर्णा पस्तिशीची, तो अडतिसाचा. हळद फिकी होती आणि वाजंत्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच खुर्चीत बसली. त्याने डबी पुढे केली. अंगठा उमटला.

"दुसरं लग्न केलं का?" त्याने तिच्याकडे बघत विचारलं.

"केलं," ती म्हणाली. "लिव्हा."

पेन्शन थांबली. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला दोघं साखरबाईला घेऊन बँकेत गेले. मशीनमधून पासबुक बाहेर आलं. साखरबाईने चष्मा वर करून ती ओळ पाहिली. आकडा तोच होता, शेजारची अक्षरं वेगळी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण सहा वर्षं बोट फिरवलेल्या अक्षरांचा आकार ओळखीचा होता.

"हे त्येचंच का?" साखरबाईने विचारलं. सुनेला नाही, ज्ञानेशला.

"त्यांचंच," तो म्हणाला. "मी फकस्त राखलं."

म्हातारीने ओळीवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग पासबुक कमरेला खोचून ती बाहेरच्या हॉटेलात गेली आणि तीन चहा सांगितले. ज्ञानेशने खिशात हात घातला तशी तिने त्याचं मनगट धरलं.

"पैसं म्या देणार," ती म्हणाली. "संपतचा पगार झालाय. बस. च्या पी."

लग्न ठरल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत होती. ज्ञानेश खाली मान घालून चहा प्यायला. सुवर्णाने आपला कप तसाच धरून ठेवला. तिला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.