काळेकाकांचं पांढरं बी

समजा, तुम्ही चंद्रावर राहता. घराला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. आकाश भरदिवसा काळे. घड्याळात संध्याकाळ रोज होते, खरा सूर्यास्त मात्र महिन्यातून एकदाच. आणि ताटात बहुतेक वेळा शेवाळाच्या पिठाची हिरवी भाकरी. तिची चव कशी? ओला पुठ्ठा चावून पाहिलात तर कळेल. आता त्या भाकरीशेजारी कोवळ्या घेवड्याची भाजी वाढली आहे, अशी कल्पना करा. जमली? मग शाल्मली त्या दिवशी एवढी हिरमुसली का होती, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

शाल्मली काचबागेत (काचेच्या घुमटाखालच्या शेतात) घेवड्याच्या वाफ्याशी बसली होती. तिनेच लावलेले वेल. आज त्यांचे बुंधे हात लावताच मऊ लागत होते.

"बुरशी आहे," बागेच्या प्रमुख निलोफरमावशी म्हणाल्या. "आज संध्याकाळी सभा आहे, शालू. वाफा रिकामा ठेवून आपल्याला परवडत नाही. इथे शेवाळाची टाकी बसवायचं चाललंय."

"आणखी एक टाकी?"

"आणखी एक." मावशींनी एक वेल उपटून पाहिला आणि बाजूला ठेवला. "मी इथे नवीन होते तेव्हाही ही बुरशी आली होती. पांढऱ्या बियांचा घेवडा सगळा गेला, काळ्या बियांचा तगला. पण काळ्याची शेंग जाड. रोग सरला तसा लोकांनी तो लावणं सोडलं. कोठारात त्याचं बी असेल तर बघ. सभेच्या आधी आणलंस, तर वाफा तुझा."

शाल्मली तडक बीजकोठारात गेली. तिथल्या थंड कप्प्यांत पृथ्वीवरून आलेले आणि चंद्रावर पिकलेले नाना तऱ्हेचे बी डब्यांत भरून ठेवले होते. डबे इतके, की एकेक उघडून पाहायचे म्हटले तर आठवडे लागले असते. म्हणून प्रत्येक डब्याची माहिती एका मोठ्या तक्त्यात भरलेली होती. एका डब्याला एक ओळ (आडवी रांग). त्या ओळीत नाव, वर्णन असे वेगवेगळे स्तंभ (उभे रकाने). हा तक्ता सांभाळायचे तिचे चुलतआजोबा. त्यांना सगळे भाऊआजोबा म्हणत. ते संख्याशास्त्रज्ञ होते, म्हणजे माहितीच्या ढिगातून अर्थ काढणारे. त्यांचा मदतनीस होता तंतू नावाचा यंत्रमानव. सांगितलेले काम तो तंतोतंत करायचा, म्हणून तंतू.

"तंतू, घेवडा शोध. वर्णन, काळा," शाल्मली धापा टाकत म्हणाली.

"वर्णनाच्या स्तंभात 'काळा' असलेली ओळ एकही नाही," तंतूने क्षणात सांगितले. "मी परत फरशी पुसायला जाऊ?"

शाल्मलीचा चेहरा पडला. भाऊआजोबा चहा गाळत होते. त्यांनी गाळणी तशीच कपावर ठेवली.

"तू त्याला काय विचारलंस, ते त्याच्या कानांनी ऐक," ते म्हणाले. "तंतू प्रत्येक ओळीपाशी थांबतो आणि एकच प्रश्न विचारतो. तुझं वर्णन 'काळा' आहे का? ओळ 'हो' म्हणाली तर ठेवतो, 'नाही' म्हणाली तर बाजूला सारतो. पण त्याच्या लेखी 'आहे' म्हणजे अगदी तेवढंच. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको."

"पण वर्णनात लोकांनी अख्खी वाक्यं लिहिली असतील ना?"

"लिहिली आहेतच. आणि मराठीत लिहिली आहेत. बी असेल तर काळे, साल असेल तर काळी, सालीचे म्हटलं की काळ्या. रंग एकच, पण शेपूट दर वेळी वेगळं."

काळा, काळी, काळे, काळ्या, काळंभोर. शाल्मलीने ते शब्द बोटांवर मोजल्यासारखे पुटपुटले.

"पुढचा 'काळ' बदलतच नाही," ती म्हणाली. "तेवढाच विचारला तर? तंतू, वर्णनात कुठेही 'काळ' असेल ती ओळ ठेव."

"याला अंशतः जुळणी म्हणतात," आजोबा म्हणाले. "अख्खा शब्द नाही, शब्दाचा तुकडा जुळवायचा."

भिंतीवरच्या पडद्यावर ओळींचा पाऊस पडला. शाल्मली खूश होऊन वाचू लागली आणि मग तिचा आवाज उतरत गेला. "मेथी, सकाळी पाणी द्यावे. बाजरी, दुष्काळात तगते. गुलबाक्षी, संध्याकाळी फुलते... तंतू, हे काय आणलंस?"

"सकाळमध्ये काळ आहे," तंतू म्हणाला. "दुष्काळातही आहे. संध्याकाळीही आहे. तुम्ही 'कुठेही' म्हणालात."

भाऊआजोबा हसले. "पहिली जाळी इतकी बारीक, की चहाचा थेंब पडेना. दुसरी इतकी मोठी, की सगळी पत्ती कपात."

"मग बाकीच्या ओळी गेल्या का? पुसल्या?" शाल्मलीने घाबरून विचारले.

"छे. तक्ता जागच्या जागी आहे. गाळणीतून काय दिसतं, तेवढं बदलतं. म्हणून चुकायला घाबरायचं नाही. आता सांग, सकाळमधला 'काळ' आणि काळ्यामधला 'काळ' यांत फरक काय?"

हे शाल्मलीला पटकन सुचले. "सकाळमध्ये तो मागे लपलाय. काळ्यात तो सगळ्यांत पुढे उभा आहे."

"मग तंतूला तसं सांग."

"तंतू, शब्दाची सुरुवात 'काळ'ने होत असेल तरच ठेव."

सकाळ गेली, संध्याकाळ गेली, दुष्काळ टळला. उरलेल्या ओळी बऱ्याच कमी होत्या, पण त्यांत 'काळजीपूर्वक हाताळावे' असे म्हणणाऱ्या कितीतरी घुसल्या होत्या. शाल्मलीने आजोबांना विचारलेही नाही. "'काळ'च्या लगेच पुढे 'जी' आला तर तो शब्द धरू नकोस," तिने सांगितले. "आणि आणखी एक अट. नावाच्या स्तंभात 'घेवडा' हवा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या पाहिजेत."

तीळ गेले, उडीद गेले. पडद्यावर एकच ओळ राहिली. शाल्मली टुणकन उडाली, आणि चंद्रावर टुणकन उडले की खाली यायला वेळ लागतो. ती जमिनीवर टेकेपर्यंत तंतूने ओळ वाचून दाखवली.

"घेवडा. काळेकाकांच्या परसातले. बी पांढरे."

शाल्मलीने कपाळावर हात मारला.

"काळे हे आडनाव आहे, तंतू," ती म्हणाली.

"मला अक्षरं दिसतात. काका दिसत नाहीत," तंतू म्हणाला.

"त्याचं बरोबर आहे," भाऊआजोबा म्हणाले. "ढीग कमी करायचं काम गाळणीचं. उरलेलं वाचायचं काम आपलं. पण शालू, सभेला आता फार वेळ नाही."

शाल्मलीने पडद्याकडे पाहिले. हिरव्या भाकरीची आणखी एक टाकी तिला डोळ्यांपुढे दिसत होती. तिने आपल्या दोन्ही अटी पुन्हा वाचल्या. पहिलीत तिने नुसता 'काळ' सांगितला होता. दुसरीत 'घेवडा'. अख्खा घेवडा, शेपटीसकट.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "मी पुन्हा तेच केलं. घेवड्याचं बी म्हटलं, की 'डा'चा 'ड्या' होतो. तंतू, नावात कुठेही 'घेवड' असू दे. घे, व, ड. पुढे काहीही येऊ दे."

आता तीन ओळी आल्या. पहिली काळेकाकांचीच. दुसरीच्या वर्णनात होते, 'काळे ठिपके, पाऊण बी किडके'. तिसरी शाल्मलीने मोठ्याने वाचली. "नाव, डोंगरी घेवड्याचे बी. वर्णन, काळ्याभोर सालीचे, शेंग जाड."

भाऊआजोबांनी चहाचा घोट घेतला. तो केव्हाच गार झाला होता, पण त्यांनी तोंड वाकडे केले नाही. "जा," ते म्हणाले. "पण सगळं आणू नकोस. थोडं डब्यात राहू दे. पुढे कुणाला तरी पुन्हा शोधावं लागेल."

शाल्मलीने मूठभर बी काढून घेतले. काळेभोर, चकचकीत. सभेत निलोफरमावशींनी ते तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "टाकीचं पुढच्या महिन्यात बघू. तोवर हे उगवून दाखव."

घरी येऊन शाल्मलीने बी कोमट पाण्यात भिजत घातले. सकाळी पाणी निथळून ते ओल्या फडक्यात सैल बांधले, आई मोड आणायला मटकी बांधते तसे. आता उबेची जागा हवी होती. ती पुरचुंडी घेऊन कोठारात गेली. तंतूच्या पाठीवर, जिथे त्याची यंत्रे चालतात, तिथे हात लावला तर ऊब लागायची. तिने पुरचुंडी तिथेच अडकवली.

"मोड आले की मला हाक मार," ती म्हणाली.

"मोड म्हणजे नेमका किती लांब?" तंतूने विचारले. "सरळ की वाकडा? रंग कोणता?"

शाल्मली उत्तर द्यायला निघाली आणि थांबली. मग फडक्याची गाठ जराशी सैल करत ती म्हणाली, "सुरुवातीला एक पांढरं टोक दिसलं की पुरे. पुढे काहीही येऊ दे."