चिमट्या आणि मुंग्यांची न दिसणारी वाट

ए, ऐका ना, आधी कोडं सांगते. मधे बोलायचं नाही हं.

परवा सकाळी आमच्या ओट्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा सताड उघडा होता. आई बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती, बाळंतिणीला लाडू हवेत, म्हणून चिमट्याने ते वळून गार व्हायला ठेवले होते. तूप, गूळ, खोबरं, खारीक, सगळ्याचा नुसता घमघमाट! आणि त्याच ओट्याखालून लाल मुंग्यांची रांग चालली होती. त्या बारीक, कडकडून चावणाऱ्या. तर मुंग्या लाडवांकडे वळल्या का? नाही! एकीनेसुद्धा मान वर केली नाही. भिंतीच्या कडेने सरळ गेल्या आणि घरघंटीच्या (पीठ दळायच्या घरगुती गिरणीच्या) मागे गायब. बरं, फरशी कशी, तर आरशासारखी. चिमट्या दिवसातून दोनदा पुसतो. मग त्या जात होत्या कुठे? आणि एवढा लाडवांचा वास सोडून?

चिमट्या म्हणजे आमचा स्वयंपाकघरातला यंत्रमानव. उंचीला माझ्या खांद्याएवढा. हातांना बोटांऐवजी चिमटे आणि नाकाच्या जागी बारीक जाळी. दूध करपायच्या आधी त्याला कळतं. त्याला शिकवावं लागत नाही, तो आमच्याकडे बघून बघून शिकतो. आई भाकरी थापताना गुणगुणते ना, तर तोही गुणगुणतो. बेसूर!

एरवी मी त्या मुंग्या बघत मजेत बसले असते. पण तेवढ्यात आईचा फोन आला. पडद्यावर ती किती बारीक दिसत होती!

"शाल्मली, बाबांना दे गं," ती म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "उद्या सोडतायत. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, घरात औषधाची फवारणी नको, उदबत्तीसुद्धा नको. याची फुप्फुसं अजून नाजूक आहेत. मुंग्या गेल्या का?"

बाबांनी ओट्याखालच्या रांगेकडे बघितलं.

"गेल्या नसतील तर मी सरळ ताईकडे सोलापूरला जाते. दोन-तीन महिने तिथेच राहू. एवढंसं आहे हो ते, एक मुंगी चावली तरी..."

आमचं बाळ वेळेच्या खूप आधी जन्मलं, माहितीये ना तुम्हाला? इतके दिवस ते काचेच्या पेटीत होतं. मी त्याला फक्त काचेतून बघितलं होतं. माझं बोट त्याच्या बोटाला लावायचं होतं, आणि मधे काच. आणि आता म्हणे सोलापूर!

बाबा कपाटातून फवाऱ्याचा डबा घेऊन आले. "आत्ता मारतो, दारं-खिडक्या उघडी ठेवतो. उद्यापर्यंत वास जाईल."

"वास जाईल रे," मागून आबा म्हणाले. "औषध कुठे जाईल? ते ओट्यावर बसणार, फरशीवर बसणार. उद्या त्याच ओट्यावर बाळाची वाटी-चमचा ठेवणार तुम्ही."

आबा म्हणजे माझे आजोबा. जन्मभर त्यांनी वासांवर संशोधन केलं. आंबा पिकल्यावर कुठला वास सुटतो, साप जीभ काढून काय हुंगतो, असलं सगळं. आता निवृत्त आहेत, पण नाक अजून नोकरीवरच आहे, असं बाबा म्हणतात.

"मग काय करू, आबा?" बाबांचा आवाज चढला. "मुंग्यांना हात जोडू? हळद टाकून झाली, मीठ टाकून झालं. एक दिवस वळसा घालतात आणि दुसऱ्या दिवशी हजर!"

"दमलायस तू. बस जरा," आबा म्हणाले. "फवारलंस तर बाहेर पडलेल्या मुंग्या मरतील. पण त्यांची राणी वारुळात आहे, आणि ती अंडी घालतच राहणार. संध्याकाळपर्यंत वेळ दे आम्हाला. नाही जमलं, तर मी स्वतः सूनबाईला फोन करून सोलापूरला जा म्हणून सांगतो."

बाबा बसले. डबा मात्र मांडीवरच.

मी आणि आबा फरशीवर पालथे पडलो. नाक मुंग्यांच्या रांगेपासून वीतभर.

"शालू, रांगेच्या मधे आडवं बोट फिरव. मुंगीला न चिरडता हं," आबा म्हणाले.

मी दोन मुंग्यांच्या मधून पटकन बोट ओढलं. आणि अरे, काय झालं सांगू! पुढची मुंगी त्या जागी आली आणि थबकली. मिशा हलवल्या, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, गोल फिरली. मागून दुसरी आली, तीही थबकली. तिथे गर्दीच झाली! फरशी तीच, भिंत तीच, नुसतं बोट फिरवलं तर एवढा गोंधळ?

"काय पुसलंस तू?" आबांनी विचारलं.

"काहीच नव्हतं तिथे!"

"डोळ्यांना नव्हतं."

मग आबांनी सांगितलं. या मुंग्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. आधी एखादी शोधकरी मुंगी (एकटी खाऊ हुडकत फिरणारी) घराबाहेर पडते. ती कशीही भटकते, वाकडीतिकडी. पण खाऊ सापडला, की परत जाताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत टेकवत जाते आणि वासाचे अगदी सूक्ष्म ठिपके सोडते. त्या वासाला म्हणतात फेरोमोन (एकाच जातीच्या प्राण्यांनी एकमेकांना निरोप द्यायला अंगातून सोडलेलं रसायन).

"म्हणजे ती लिहीत जाते? 'इकडे या, खाऊ आहे' असं?"

"हां! मग दुसऱ्या ते हुंगत येतात. त्यांनाही खाऊ मिळाला, की परतताना त्याही त्यावरच लिहितात. जेवढ्या जास्त जणी, तेवढी वाट पक्की. तुमच्या शाळेच्या मैदानात गवतातून पायवाट पडलीये ना? ती कुणी मुद्दाम केली का? नाही. सगळे तिथून जातात म्हणून पडली, आणि पडली म्हणून सगळे तिथून जातात."

"आणि सुट्टीत कुणी गेलं नाही, की गवत उगवतं!"

"तसाच हा वास उडून जातो. खाऊ संपला, की मुंगी परतताना लिहीत नाही. हळूहळू वाट पुसली जाते."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणून त्या लाडवांकडे वळत नव्हत्या! लाडू अजून कुठल्या शोधकरी मुंगीला सापडलेच नव्हते. लाडवांकडे जाणारी वाटच नव्हती. वाट होती घरघंटीकडे.

"पण आबा, म्हणजे तिकडे खाऊ आहे. आणि रोज आहे! नाहीतर वाट पुसली गेली असती."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं ना, की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता बघायचं कसं? आबांनी एक कागद रांगेत ठेवला. मुंग्या त्याच्यावरून बराच वेळ चालल्या. मग तो कागद चिमट्याच्या जाळीसमोर धरून म्हणाले, "हा वास नीट ओळख. आणि जिथे जिथे सापडेल, तिथे उजेड टाक."

चिमट्याची मान गर्रकन फिरली. त्याच्या कपाळावरच्या दिव्यातून निळा उजेड निघाला, आणि फरशीवर एक निळी रेघ उमटली! जिथे वास दाट तिथे गडद, जिथे विरळ तिथे फिकट. ती खिडकीखालच्या फटीतून आत येत होती, ओट्याच्या पायाला वळसा घालून भिंतीला चिकटून जात होती. बाबासुद्धा उठून बघायला आले. आम्ही तिघं ओळीने वाकून रेघेमागून निघालो. रेघ घरघंटीच्या मागे गेली. घरघंटी इतकी जड, की तिच्या मागे फक्त चिमट्याचा लांब हात पोचतो. बाबांनी जोर लावून ती सरकवली.

आणि तिथे काय होतं, सांगा!

भाताचे चार चिमुकले मुटके. तूप-वरण लावलेले. शेजारी शिऱ्याचे चार. त्याच्या शेजारी डिंकाच्या लाडवाचे चार कण, ताजे! सगळे ओळीत, अगदी नीटनेटके. आणि त्यावर मुंग्यांची जत्रा.

"हे कुणी ठेवलं?" बाबा ओरडले.

"मी," चिमट्या म्हणाला.

"तू? का पण?"

"आबा जेवायच्या आधी ठेवतात. ताटाभोवती पाणी फिरवतात, मग उजवीकडे चार घास. मी ताटावर बसत नाही, मी रांधतो. म्हणून मी रांधल्यावर ठेवतो."

चित्राहुती! आबा रोज जेवायच्या आधी ताटाशेजारी भाताची चार शितं काढून ठेवतात ना, इतर जिवांसाठी म्हणून, ती. आम्ही सगळे आबांकडे बघायला लागलो. आबांचे कान लाल!

"अरे, पण मी जेवल्यावर ते उचलतो," आबा म्हणाले.

"हो. जेवण झालं की उचलायचं, असं तुम्ही सांगितलंत," चिमट्या म्हणाला. "माझं जेवण कधी होतच नाही."

आणि मग बाबा हसायला लागले. बाळ दवाखान्यात असल्यापासून ते असे हसलेच नव्हते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खाली बसले आणि फवाऱ्याचा डबा बाजूला घरंगळला. "वासांचे शास्त्रज्ञ! आपल्याच नाकाखाली मुंग्यांना पंगत!"

"मी चुकलो का?" चिमट्याने विचारलं. त्याचा निळा दिवा मिणमिणायला लागला.

आबांनी त्याच्या पत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "दुसऱ्यासाठी घास काढणं चूक नसतं रे. जागा चुकली, एवढंच."

मग आम्ही कामाला लागलो. सगळ्यात आधी खाऊ उचलला, कारण तो असेपर्यंत पुसून काही उपयोग नव्हता. लाडवांचा डबा घट्ट लावला, गुळाचा, साखरेचाही. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून निळी रेघ पुसायला घेतली. नुसत्या पाण्याने ती फिकट व्हायची, पण जायची नाही, कारण हा वास जरा तेलकट असतो. साबण तेल सोडवतो. चिमट्या आपला रोज नुसत्या पाण्याने पुसत होता! एका ठिकाणी रेघ राहिली, की चिमट्या म्हणायचा, "शालूताई, इथे अजून लिहिलंय," आणि मी घासायची. बाबांनी खिडकीखालची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. पाळण्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही म्हणून.

आणि चिमट्याची चित्राहुती? मुंग्यांचं वारूळ अंगणात डाळिंबाच्या झाडापाशी सापडलं. आता तो तिथे घास ठेवतो.

"मग आता त्या आत येणारच नाहीत?" मी विचारलं.

"तसं नाही सांगता येणार," आबा म्हणाले. "दारात पोटभर मिळालं तर लांब भटकायची गरज कमी. पण एखादी शोधकरी येईलच. ती आली, की काय करायचं?"

मी नुसती मान डोलावली. मला वाटलं मला येतंय.

संध्याकाळी चिमट्याने सगळ्या घरात उजेड फिरवला. कुठेच रेघ नव्हती. बाबांनी आईला फोन केला आणि नुसतं म्हणाले, "या."

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकात थांबली. बाबा धावत बाहेर गेले, मागोमाग आबा. मी दुपटं नीट करायला पाळण्यापाशी गेले, तर फरशीवर एक लाल मुंगी! एकटी. पाळण्याच्या पायाकडे चाललेली, वाकडीतिकडी.

बाबांना हाक मारू? आईला कळलं तर ती दारातूनच मागे वळेल. चप्पल मारू? मग एकदम आठवलं. ही वाकडी चाललीये. म्हणजे हिला काही सापडलेलं नाही. अजून वाट नाहीये! मी कागदाचा तुकडा तिच्यापुढे धरला. ती त्यावर चढली, मिशा हलवत. मी तिला मागच्या दाराने डाळिंबापाशी नेऊन सोडलं, आणि तशीच पळत येऊन साबणाच्या फडक्याने ती चालली होती तेवढी जागा पुसली. उठले तर दारात आई उभी होती, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"काय करतेयस गं?"

"एक मुंगी होती. एकटीच. गेली," मी म्हटलं.

आईने फरशीकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि आत आली. "बस. मांडी घाल," ती म्हणाली.

आणि बाळ माझ्या मांडीवर! इतकं हलकं, जसं काही कुणी ठेवलंच नाही. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत, आणि भ्यां करून जे रडायला लागलं! मी घाबरले. आईने आपल्या पदराचं टोक हळूच त्याच्या गालाशी ठेवलं. त्याचं नाक हललं. अगदी एवढुसं. मान पदराकडे वळली आणि रडणं थांबलं.

"नीट दिसत नाही त्याला अजून," आबा हळू आवाजात म्हणाले. "आईला वासावरून ओळखतो."

मी वाकून माझा गाल त्याच्या नाकाजवळ नेला. म्हटलं, घे, माझाही घे. मी ताई.

आबा म्हणाले, एक दिवस चिमट्यासारखी नाकं दवाखान्यांतही असतील. बाळाच्या श्वासाचा वास घेऊन सांगतील, याला बरं नाही, आत्ताच बघा. सुई नको, काचेची पेटीसुद्धा कमी लागेल. मी म्हटलं, ते नाक मी करणार. आबा हसले नाहीत. म्हणाले, "कर."

चिमट्या दारातून बघत होता. तो हळूच पुढे आला, जाळी बाळाच्या डोक्याजवळ नेली आणि थांबला.

"नवा वास आहे," तो म्हणाला. "काय नावाने लक्षात ठेवू?"

"अजून बारसं कुठे झालंय?" आई म्हणाली. "नाव ठेवायचंय त्याचं."

चिमट्याचा दिवा जरा वेळ निळा निळा लुकलुकला.

"तोपर्यंत मी 'आपला' म्हणून ठेवतो," तो म्हणाला.