मधून कापलेल्या तारा

सहाही रॅकेटांच्या तारा कापलेल्या होत्या आणि सामन्याला जेमतेम तास उरला होता.

टेनिस खेळणाऱ्या मुलीच्या वडिलांनी त्या रॅकेटा हॉटेलातल्या पलंगावर प्रेतं ओळखायला मांडावीत तशा मांडल्या होत्या. तिचे प्रशिक्षकही तेच. त्यांनी बोलावलं होतं वहिनींना, म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाईंना. सोबत त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. चुकीच्या निष्कर्षावर सर्वांच्या आधी पोहोचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

वडिलांचा संशय पक्का होता. मुलीची दुहेरीतली जोडीदारीण याच खोलीत राहते, किल्ली दोघींकडेच असते. ती काल हरली. मुलगी आज जिंकली तर मुख्य स्पर्धेत जाईल. शिवाय जोडीदारणीच्या रॅकेटा शेजारीच असून धडधाकट. तक्रार लिहून तयार होती; तिच्यावर त्यांची सही झाली की जोडीदारणीचा खेळ संपला.

वहिनींनी एक रॅकेट उजेडात धरली. काप मधोमध सुरू होऊन चहूकडे गेले होते. फ्रेम सरळ होती.

"असं निगुतीनं का कापलंय?"

"एकच तार तुटली तर ताण एकीकडे जातो, फ्रेम वाकते," वडील म्हणाले. "मग उरलेल्या मधून बाहेर कापत जायच्या. पोरीला मी लहानपणीच शिकवलंय. आता हात आपोआप तसाच चालतो."

जागतिक क्रमवारीत चारशेच्या आसपास असणं म्हणजे पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या खेळणाऱ्यांहून सरस असणं आणि तरीही आपले मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुणं. ते मोजे खिडकीत वाळत होते. या व्यवस्थेला गुणवत्तेची शिडी म्हणतात. म्हणणारे बहुधा शिडीखाली कधी उभे राहिलेले नसतात.

समोरच्या खोलीत उतरलेली प्रतिस्पर्धी खेळाडू दारात उभी राहून केळं खात होती. फुकटचा विजय मिळाला तर आपण रडणार नाही, हे तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मात्र बातमी कळताच तिनं स्वतःच्या दोन रॅकेटा देऊ केल्या होत्या.

"मूठ जुळत नाही म्हणाली. आमच्यात असले लाड कोण करतं हो? मी मागून आणलेल्या रॅकेटनं अख्खी स्पर्धा खेळलेय."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला जोडीदारीण खेळाडूच्या मागे उभी राहून तिचे केस उंच बांधत होती. खेळाडू डाव्या हातानं पेला धरून वडिलांच्या पेनाकडे टक लावून बसली होती.

तारा तू कापल्यास का, असं वहिनींनी विचारलं तेव्हा जोडीदारणीनं मान वर केली नाही. "मी काही बोलणार नाही," एवढंच म्हणाली.

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "गुन्हेगार आणि वर लाडीगोडी. केस काय बांधतेय."

"भाऊजी, आज पहिल्यांदाच तुम्ही नेमकं पाहिलंत. फक्त समजलं नाही." मग त्या खेळाडूकडे वळल्या. "बाळ, वरच्या फळीवरची तुझी टोपी दे जरा. उजव्या हातानं."

खेळाडू उठली. हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडला.

वडिलांचं पेन थांबलं.

"वैऱ्यानं प्रत्येक रॅकेटची एखादीच तार कापून सोडून दिलं असतं," वहिनी म्हणाल्या. "तारांसोबत फ्रेमही गेल्या असत्या. इथं नासधूस करतानाही कोणी फ्रेम जपल्या. ज्याला सामना नको होता, पण खेळ हवा होता, त्यानं. प्रतिस्पर्ध्याची रॅकेटही नाकारली, कारण अडचण रॅकेटची नव्हतीच. जिला स्वतःचे केस बांधता येत नाहीत, ती सर्व्हिस कशी करणार? जोडीदारणीला हे ठाऊक होतं. शब्द दिला होता, म्हणून ती गप्प."

"पण मला सांगायचं ना," वडील म्हणाले.

"सांगितलं होतं, बाबा. दोन स्पर्धांपूर्वी." खेळाडूचा आवाज सपाट होता. "तुम्ही म्हणालात, दुखत कोणाला नाही. रॅकेट तुटली तर तुम्ही ऐकता, म्हणून." ती जोडीदारणीकडे वळली. "हिचं नाव येईल असं वाटलं नव्हतं. सही होण्याआधी बोलणार होते. धीर होत नव्हता."

वडिलांनी तक्रारीचा कागद चुरगळला. सामन्यातून माघार घेत असल्याचं पंचांना फोनवर सांगितलं. मग ते पलंगाशी आले आणि एकेक फ्रेम कडेनं चाचपू लागले, मोडलेलं हाड तपासावं तशी.

"एकही वाकलेली नाही," ते म्हणाले.

"नाही," मुलगी म्हणाली. "आता माझा खांदा बघा."