बॉनेटवरचं मांजर

"आधी ते मांजर हाकला," बाबा म्हणाले, आणि शेपूट टाळ्या वाजवत पुढे धावला. बॉनेटवर एक राखाडी, गलेलठ्ठ मांजर गाढ झोपलं होतं. त्याने नाखुशीने आळोखेपिळोखे दिले, खाली उडी मारली आणि गाडीच्याच पोटाखाली जाऊन बसलं. बाबांनी बाह्या सरसावल्या, कान बॉनेटजवळ नेला आणि मफलरवाल्या काकांना खूण केली. काकांनी किल्ली फिरवली.

शेपूट म्हणजे टाचणीचा सात वर्षांचा भाऊ. सुट्टी लागल्यापासून तो बहिणीची पाठ सोडत नव्हता, म्हणून हे नाव. टाचणीचं नाव तिच्या बोलण्यावरून पडलेलं, आणि तिचा मामेभाऊ भिंतीशीसुद्धा वाद घालील असा, म्हणून तो वकील. सुट्टीला तो यांच्याकडे आला, तेव्हा तिघांनी बेत तरी किती आखले होते! तराफा बांधायचा, नदीपलीकडच्या पडक्या गिरणीत शिरायचं, तिचा नकाशा काढायचा. पण त्या वर्षी घरावर मळभ आलं होतं. टाचणीची आई आजारी होती. आठवड्यातून तीनदा तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला रुग्णालयात न्यावं लागे, दोन बस बदलून. गेल्या आठवड्यात ती बस स्टॉपवरच चक्कर येऊन पडली. लोकांनी पाणी मारलं, कुणीतरी छत्री धरली, आणि टाचणी नुसती तिचा हात धरून उभी राहिली. त्याच दिवशी बाबा म्हणाले की आता गाडी घ्यायची.

नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मोठ्या दुकानात हमी देऊन जुन्या गाड्या विकतात, त्याही परवडत नव्हत्या. म्हणून ही, एकाने घरूनच विकायला काढलेली जुनी गाडी. ती विकणारे मफलरवाले काका बोलायला अगदी गोड, साखर विरघळावी तसे. त्यांनी कागदही तयार ठेवला होता: गाडी आहे त्या स्थितीत, पाहून-तपासून घेतली, नंतर काही निघालं तर विकणारा जबाबदार नाही. एकदा सही झाली की संपलं.

आईने दहादा सांगितलं होतं की चौकातल्या गॅरेजवाल्या मावशींना बरोबर न्या. पण बाबा पडले शिलाई मशीनचे डॉक्टर! वीस वर्षं कारखान्यांतल्या मशीनींना कान लावून त्यांनी दुखणी ओळखलेली. मशीन ते मशीन, शिलाईचं काय आणि गाडीचं काय, असं त्यांचं म्हणणं. माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान, तिथेच तो पाय घसरून पडतो, पण हे घरच्या माणसाला सांगायचं कोणी?

"वा," बाबा कान काढून म्हणाले, "एका सुरात चाललंय."

टाचणीला मात्र त्या सुराच्या मागे बारीक टकटक ऐकू येत होती, कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तशी. तिने तसं सांगितलं. बाबांचा चेहरा एकदम उतरला, मग ते रागावले. जे मला ऐकू येत नाही ते तुला बरं येतं, असं ते सगळ्यांसमोर बोलले. टाचणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबा असे कधी तोडून बोलत नसत. मफलरवाले काका हसले आणि म्हणाले की गाडी चार दिवस चालूच केलेली नाही, बिचारी जरा कुरकुरणारच. मग ठरलं, परवा सकाळी आठ वाजता यायचं आणि सही करून गाडी घेऊन जायची.

परत येताना पाऊस भुरभुरत होता, गारठा हाडांत शिरत होता. वकील बराच वेळ गप्प होता, आणि वकील गप्प म्हणजे काहीतरी शिजत असणार.

"अशा थंडीत मांजर कुठे झोपतं?" त्याने शेवटी विचारलं.

"चुलीपाशी," शेपूट म्हणाला.

"मग चार दिवस गार पडलेल्या पत्र्यावर ते काय तप करत होतं?"

टाचणी थबकली. मांजर तर बॉनेटवर गाढ झोपलं होतं. म्हणजे पत्रा गरम होता. म्हणजे हे सगळे तिथे पोहोचायच्या आधी गाडी चालू होती, आणि काका धडधडीत खोटं बोलले होते. पण कशासाठी?

दुसऱ्या दिवशी तिघे काकांच्या घरामागच्या बोळात गेले. गाडी तिथेच होती, पण मांजर बॉनेटवर नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेला पाठ लावून बसलं होतं. वकील कुंपणावरून वाकला आणि बॉनेटला हात लावून आला. बर्फासारखं गार. थोड्या वेळाने दुसरंच एक जोडपं गाडी बघायला येणार असावं, कारण काका घाईघाईने बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि गाडीत बसले. तिघे पिंपामागे दबून बसले.

इंजिन सुरू झालं, आणि शेपटाने कानांवर हात ठेवले. ठक् ठक् ठक् ठक्, जणू आत कुणी हातोडी घेऊन बसलंय! काकांनी बॉनेटवर जाडजूड घोंगडी टाकली आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटांत ठकठक कमी झाली, वीस मिनिटांत नावापुरती उरली. काकांनी घोंगडी काढली, इंजिन बंद केलं. लगेच मांजर खिडकीतून उतरलं आणि ऐटीत बॉनेटवर जाऊन पसरलं.

तिघे तडक गॅरेजवाल्या मावशींकडे गेले. त्या एका गाडीखाली होत्या; फक्त त्यांचे बूट दिसत होते. बुटांनी सगळं ऐकून घेतलं. मग मावशी बाहेर आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या की हे इंजिन आतून झिजलंय. गरम झालं की धातू फुगतो, फटी भरतात, आवाज दबतो. अशी गाडी दोन-चार महिन्यांची सोबती, आणि तीही नेमकी आडरस्त्यात दगा देणारी.  भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीत बसलेली आई टाचणीच्या डोळ्यांसमोर आली.

बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता. आवाजाचा विषय काढला की ते चिडत. तेव्हा त्यांना गार गाडीच ऐकवायची. संध्याकाळी शेपूट काकांच्या दारात जाऊन निरोप देऊन आला, की उद्या आठला नाही, अकराला. निरोप खोटा होता. टाचणीला ते मनातून लागलं, पण तिने दात आवळले. गॅरेजवाल्या मावशींना मात्र तिने खरी वेळ सांगितली.

सकाळी आठला बाबांनी बेल वाजवली, तेव्हा काका डोळे चोळत बाहेर आले आणि बाबांना बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मांजर खिडकीत होतं. काकांनी चहाचा आग्रह केला, आत बसायचा आग्रह केला, पण बाबांना कामावर जायची घाई होती. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि स्वतःच फिरवली.

ठक् ठक् ठक् ठक्!

समोरच्या घराची खिडकी उघडली. मांजर पळालं. काकांनी मान खाली घातली. टाचणी बाबांकडे बघत राहिली. झालं, आता ते ओरडतील, किल्ली टाकून देतील.

बाबा गाडीतून उतरले. शांतपणे वाकले, कान बॉनेटजवळ नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठीक आहे. कागद आणा."

टाचणीला काही कळेना. आणि मग एकदम सगळं कळलं. आई हल्ली बाबांना हाक मारत नसे, जवळ जाऊन खांद्याला हात लावत असे. टाचणीला वाटायचं, आजारामुळे तिच्यात हाक मारण्याचंही त्राण उरलेलं नाही. दाराची बेल बाबांना ऐकू येत नसे, तेव्हा सगळ्यांना वाटायचं, ते कामात गुंग आहेत. वीस वर्षं कारखान्यातल्या खडखडाटात उभं राहून बाबांचे कान गेले होते. इंजिनाची घरघर तेवढी त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, वरची ठकठक नाही. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कानांवरच तर त्यांचं पोट होतं.

काका लगबगीने कागद घेऊन आले. बाबांनी पेन उघडलं.

 टाचणीने बॉनेट उघडलं, बाबांचा तेलाने काळवंडलेला तळहात धरला आणि इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवला. हातोडीचा एकेक ठोका त्या हाताला बसला. बाबांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी टाचणीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पेन बंद केलं.

तेवढ्यात गॅरेजवाल्या मावशी पोहोचल्या. फाटकातूनच ऐकून त्या म्हणाल्या, "इंजिन कामातून गेलंय." वकिलाने चार दिवसांचं, घोंगडीचं आणि मांजराचं सगळं सांगितलं. काकांनी नाकारलं नाही. मफलरशी चाळा करत ते एवढंच बोलले, "मलाही ही अशीच विकली होती हो कुणीतरी. गरम करून." बाबांना त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडता आलं नाही. त्यांनी किल्ली परत दिली.

घरी जाताना टाचणी नेहमीसारखी बाबांच्या डाव्या हाताला चालत होती. बाबांनी तिला धरून उजव्या बाजूला घेतलं.

"इकडून बोलत जा," ते म्हणाले. "इकडून अजून थोडं येतं."

सोमवारी आई पुन्हा बसनेच गेली. बाबाही तिच्याबरोबर गेले, आणि ती तपासणीला आत असताना त्याच रुग्णालयात त्यांनी आपले कान तपासून घेतले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री घरात कुणाला फारसं जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी ते आणखी एक जुनी गाडी बघायला गेले. या खेपेला आईही आली, आणि गॅरेजवाल्या मावशीही. वकिलाने आधी बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री केली, शेपटाने आसपास मांजर आहे का ते पाहिलं. इंजिन सुरू झालं. बाबांनी झाकणावर तळहात ठेवला आणि टाचणीला जवळ ओढलं.

"हाताला ठीक लागतंय," ते म्हणाले. "आता तू ऐक."

टाचणीने डोळे मिटले.  तिने खूप वेळ ऐकलं, कारण आई याच गाडीत बसणार होती.

"एका सुरात आहे," ती शेवटी म्हणाली. "फक्त पुढे कुठेतरी बारीक किरकिर येतेय."

मावशींनी वाकून पाहिलं. पट्टा सैल झाला होता, पाच मिनिटांचं काम. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ही पोरगी मला द्या, मोठी झाली की गॅरेज हिच्या हवाली करते.

बाबा मावशींच्या ओठांकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना ते नीट समजलं. त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"द्यायची नाही," ते म्हणाले. "माझे कान आहेत ते."

आईने दार उघडलं आणि ती हळूच आत बसून बघू लागली, पाय नीट पसरता येतात का ते.